केरूनानांचा पॉइंट ब्याण्णव

केरू धोंडू शिवलकर मिरजोळ्याच्या कंपनीत लागले आणि पुढची दोन वर्षं त्यांची लोकांचा गैरसमज दूर करण्यात गेली. रत्नागिरीत मेंटल हॉस्पिटल फार जुनं, आणि मिरजोळ्याची औद्योगिक वसाहत नवी. त्यामुळे "मी हेड तपासतो" असं त्यांनी म्हटलं की ऐकणाऱ्याचं मन आपोआप जुन्या पत्त्यावर जाई. मांडवीतली एक म्हातारी तर घरातून निघून-निघून जाणाऱ्या जावयाला सोबत घेऊनच त्यांच्या दारात आली. केरूनानांनी तिला पाट दिला, चहा दिला आणि समजावून सांगितलं, की हेड म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटात एक तबकडी फिरते, तिच्यावर लिहिणारा आणि लिहिलेलं वाचणारा तांदळाच्या कणीएवढा तुकडा. तो नीट वाचतो की नाही, एवढंच ते बघतात. म्हातारीनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि उठताना म्हणाली, "असूंदे. तरी पण याला एकदा बघा."

नानांचं वय तेव्हा पन्नासला टेकलेलं. तरुणपणी मिरकरवाड्यात लाँचींची डिझेल इंजिनं दुरुस्त केली, मग रामआळीत रेडिओ दुरुस्तीची टपरी टाकली. १९८४ साली मुंबईच्या एका कंपनीनं मिरजोळ्यात हेड तपासायचं युनिट काढलं, तेव्हा मीटर वाचता येणारा आणि हात न थरथरणारा माणूस हवा होता. नाना गेले, आणि वर्षभरात 'टेस्टिंग इन-चार्ज' झाले. हे पद त्यांना इतकं आवडलं की घरपट्टीच्या अर्जावरही त्यांनी ते लिहिलं होतं.

युनिटमध्ये एक काचेची खोली होती. आत जाताना चपला बाहेर, डोक्याला टोपी, अंगात पांढरा झगा, तोंडाला फडकं. पावडर नाही, गजरा नाही. तुळसा भाटकर ही हेडं उचलून यंत्राला लावणारी बाई, सुरंगीचे गजरे यायला लागले की तिचा गजरा दिवसभर बाहेर डब्याच्या झाकणात पडून राही आणि त्यावरून ती नानांना रोज काहीतरी ऐकवी. खोलीच्या मधोमध तपासणीचं यंत्र. त्यात तबकडी मिनिटाला छत्तीसशे फेरे घेई. तुळसा चिमट्यानं हेड लावी, हेड तबकडीवर थोडं लिही, लिहिलेलं परत वाची, आणि शेजारच्या कॉम्प्युटरवर हिरव्या अक्षरांत आकडा येई. ठरलेल्या रेषेच्या वर आला तर पास, खाली आला तर नापास. कॉम्प्युटरला हे सगळं शिकवणारा प्रोग्रॅम एका फ्लॉपीत होता, आणि ती फ्लॉपी नानांच्या खणात, धुतलेल्या रुमालात गुंडाळून.

रोज सकाळी साडेसातला, बायका यायच्या अर्धा तास आधी, नाना एकटेच यंत्र सुरू करत. यंत्राला सकाळी गर्दी सोसत नाही, असं ते सांगत. खरं कारण वेगळं होतं, आणि ते चार वर्षांत त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं.

यंत्राबरोबर एक मास्टर हेड आलेलं होतं. परदेशात मोजून, सर्टिफिकेट लावून पाठवलेलं. त्याचा आकडा सव्वा, म्हणजे १.२५ मिलिव्होल्ट यायला हवा, असं सर्टिफिकेट म्हणत होतं. पहिल्याच वर्षी नानांच्या लक्षात आलं, की आपलं यंत्र त्याच मास्टरला १.३६ देतंय. म्हणजे यंत्र सढळ हातानं मार्क देणाऱ्या मास्तरासारखं वागत होतं. ज्या हेडांनी नापास व्हायचं, तीही पुढच्या वर्गात जात होती. मुंबईहून माल परत येत होता तो त्याचमुळे.

नानांनी ट्रंक कॉल लावून मुंबईच्या तेव्हाच्या इंजिनिअरला हे सांगायचा प्रयत्न केला. तो इंजिनिअर घाईत होता. प्रोग्रॅम सुरू होताना 'करेक्शन किती', म्हणजे आलेल्या आकड्याला कितीनं गुणायचं, असं विचारतो, तिथे एक दाबायचं, बाकी डोकं चालवायचं नाही, असं सांगून त्यानं फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी त्यांनी दोनशे पानी वही आणली, १.२५ ला १.३६ नं भागलं, आणि 'करेक्शन किती' या प्रश्नाला एकाच्या जागी पॉइंट ब्याण्णव असं उत्तर दिलं.

परत येणारा माल थांबला. सहा महिन्यांनी मुंबईहून युनिटला शाबासकीचं पत्र आणि भिंतीवरचं घड्याळ आलं. मॅनेजर सुर्व्यांनी चहा आणि भजी मागवली आणि छोटंसं भाषण केलं. नाना भाषणभर जमिनीकडे बघत हसत होते. लोकांना तो विनय वाटला.

तेव्हापासून रोज सकाळी मास्टर लावायचं, आकडा वहीत लिहायचा, भागाकार करायचा आणि येईल ते करेक्शन टाकायचं. बहुतेक दिवस पॉइंट ब्याण्णव, क्वचित त्र्याण्णव, दमट हवेत कधीतरी एक्याण्णव. मग वही व्होल्टेज स्टॅबिलायझरच्या मागे सरकवायची आणि तुळसा येईपर्यंत हात मागे बांधून खिडकीशी उभं राहायचं. आपण कंपनी चालवतो असं ते कधी म्हणाले नाहीत. तसं वाटत मात्र होतं.

१९८८ च्या मार्चमध्ये एका शनिवारी एसटीच्या पार्सलनं नवीन फ्लॉपी आली. सोबत चार पानी इंग्रजी पत्र. प्रोग्रॅम नव्यानं लिहिला होता दमयंती पिलणकर नावाच्या इंजिनिअरनं. सुर्व्यांनी पत्राचं पहिलं पान मोठ्यानं वाचलं, नानांनी त्याप्रमाणे कळा दाबल्या, प्रोग्रॅम चढला. उरलेली तीन पानं निवांत वाचा, असं सांगून सुर्व्यांनी पत्र नानांच्या हातात दिलं. नानांनी पाकीट उलटून पाहिलं. त्यावर 'ऑपरेटरसाठी' असं लिहिलेलं होतं. इन-चार्जसाठी नव्हे, ऑपरेटरसाठी. नानांनी पत्राची नीट घडी घातली, खणात ठेवली आणि खण लावून टाकला.

सोमवारी सकाळी त्यांनी नेहमीप्रमाणे मास्टर लावलं. पडद्यावर १.३६ आला. थोडी आकडेमोड झाल्यासारखा कॉम्प्युटर कुरकुरला, आणि मग तोच जुना प्रश्न आला: करेक्शन किती. नानांनी पॉइंट ब्याण्णव टाकलं.

त्या दिवशी शंभरात तीस हेडं नापास झाली. एरवी पाच-सहा होत.

मंगळवारीही तीच गत. तुळसा म्हणाली, नवीन मास्तर फार कडक दिसतो. सुर्व्यांनी मुंबईला टेलेक्स केला. नानांना वाईट वाटलं असं म्हणता येणार नाही. चांगलं चाललेलं बदलायची काय गरज होती, असं ते त्या दोन दिवसांत सुर्व्यांना, तुळसाला, चहावाल्याला आणि घरी हौसाबाईंना सांगून चुकले होते. हौसाबाई म्हणजे त्यांची बायको. तिनं विचारलं, की मग जुनंच का नाही लावत? नाना म्हणाले, "मोठ्या लोकांची कामं. आपल्याला कोण विचारतो."

गुरुवारी सकाळच्या मुंबईच्या गाडीनं स्वतः दमयंती पिलणकर उतरली. नानांनी मनात एक जाडजूड, चष्मा लावलेली बाई रंगवली होती. प्रत्यक्षात आली ती सव्वीस वर्षांची मुलगी, खांद्याला शबनम आणि रात्रभर बसल्यामुळे डोळे लाल. तिचं मूळ गाव पावसकडचं, जन्म मात्र मुंबईचा. स्टँडजवळच्या लॉजवर बॅग टाकून ती रिक्षानं थेट युनिटवर आली आणि आल्या आल्या नानांना 'काका' म्हणाली. साहेब नाही, शिवलकर नाही, काका. नानांनी तिला 'मॅडम' म्हणून त्याची फेड केली.

दमयंतीनं पहिला प्रश्न बरोबर विचारला होता. यंत्र सुरू करताना तुम्ही नेमकं काय-काय करता, तिनं विचारलं, पत्रात आहे त्यापेक्षा वेगळं काही करता का?

"काही नाही," नाना म्हणाले.

हे उत्तर देताना ते खोटं बोलतायत असं त्यांना वाटलंच नाही. चार वर्षं जी गोष्ट लपवली, ती लपवायला आता त्यांना काही करावंही लागत नव्हतं.

मग तीन दिवस एक विलक्षण प्रकार सुरू झाला. सकाळी नाना यंत्र सुरू करत, तेव्हा हेडं धडाधड नापास होत. दहा-साडेदहाला दमयंती तपासायला बसे, प्रोग्रॅम बंद करून स्वतः पुन्हा सुरू करी, करेक्शनच्या प्रश्नाला एक दाबी, आणि यंत्र सरळ चालायला लागे. दुपारभर तक्रार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पहिले पाढे. सकाळची नापास हेडं तिनं दुपारी लावून बघितली, तर बहुतेक पास.

बायकांनी यावर आपला निकाल लगेच लावला. यंत्र नानांवर रुसलंय, तुळसा म्हणाली, चार वर्षांचा संसार, आणि आता पोरगी दिसल्यावर बघा कसं वागतं. नानांना हे लागलं. दमयंतीला मात्र हसूही आलं नाही. तिनं सकाळच्या दमट हवेचा संशय घेतला, खोलीत हवा मोजायचा काटा लावला. मग व्होल्टेजचा संशय घेतला, स्टॅबिलायझरवर मीटर ठेवला. तो ठेवताना तिचा हात वहीपासून वीतभर अंतरावर होता. मग तिला वाटलं, थंड यंत्र तापायला वेळ लागत असेल, आणि आपल्याच प्रोग्रॅमनं त्याला पुरेसा वेळ दिला नसेल. तिनं प्रोग्रॅमचे लांबच लांब कागद जमिनीवर पसरले आणि त्यावर रांगत एकेक ओळ तपासत बसली. जेवायचा डबा तसाच राहिला. तुळसानं दोनदा आठवण केली.

शनिवारी संध्याकाळी निघताना दमयंतीनं नानांना सहज विचारलं, की काका, माझं पत्र तुम्ही पूर्ण वाचलंत ना?

"म्हणजे काय," नाना म्हणाले.

सोमवारी तिनं त्यातलं काही विचारलं तर पंचाईत नको, म्हणून त्यांनी पत्र डब्याच्या पिशवीतून घरी आणलं. रविवारी सकाळी पडवीत बसून, चष्मा लावून, इंग्रजी शब्दांवर बोट ठेवत ते वाचायला लागले. हौसाबाई समोर सुका जवळा निवडत बसल्या होत्या. दुसरं पान बरं होतं. पोरीचं इंग्रजी सोपं होतं, हे त्यांनी मनातल्या मनात मान्य केलं. तिसऱ्या पानावर, वरून चौथ्या ओळीत असं होतं: यंत्र मास्टर हेडला जास्त आकडा देतं, असा आम्हाला संशय आहे. म्हणून नवीन प्रोग्रॅम रोज सकाळी मास्टर हेड मोजून करेक्शन स्वतःच काढतो आणि लावतो. करेक्शनचा प्रश्न फक्त दुसऱ्या एका युनिटच्या सोयीसाठी ठेवला आहे. आपण तिथे नेहमी एक दाबावा.

नानांनी ती ओळ तीनदा वाचली. प्रोग्रॅमनं एकदा ब्याण्णव टक्के केले होते, त्याचे त्यांनी पुन्हा ब्याण्णव टक्के केले होते. चांगलीचुंगली हेडं त्यांनी स्वतःच्या हातानं नापास केली होती.

हौसाबाईंनी वर बघितलं आणि पत्र कोणाचं, कोणाचं काही वाईट झालं का, असं विचारलं.

"कोणाचं नाही," नाना म्हणाले, आणि पत्राची घडी घालायला लागले. ती घडी काही केल्या जुळेना.

दुपारी बांगड्याचं तिखलं होतं. नानांनी दोन घास खाल्ले. हौसाबाईंनी ते बघितलं. त्यांना वाटलं, कंपनी बंद पडणार.

रविवारचा उरलेला दिवस नाना भाट्याच्या किनाऱ्यावर फिरले, आणि फिरता फिरता त्यांना एक अगदी सोपा मार्ग सुचला. सोमवारी सकाळी निमूटपणे एक दाबायचं. दोष नाहीसा होईल, पोरगी मुंबईला जाईल, झालं ते गेलं. कुणाचं काही बिघडत नाही.

सोमवारी त्यांनी एक दाबला. बोट पॉइंटच्या कळेकडे गेलं होतं, ते त्यांना ओढून आणावं लागलं. दिवसभरात शंभरात सहा हेडं नापास झाली. सुर्वे इतके खूश झाले की त्यांनी स्वतः काचेपलीकडे उभं राहून हात हलवला. मॅडमनी आता आजच्या रात्रीच्या गाडीनं जायला हरकत नाही, असंही म्हणाले.

दमयंती मात्र कागदांच्या ढिगात तशीच बसून होती. आपण काही दुरुस्त केलेलंच नाही, ती म्हणाली, मग हे बरं कशानं झालं? जो दोष आपोआप जातो तो आपोआप परत येतो. हे ऐकताना नाना काच पुसत होते. ती काच त्यांनी त्या दिवशी चार वेळा पुसली.

ती गेली नाही. संध्याकाळी बसून तिनं रिपोर्ट लिहिला. दोषाचं कारण सापडलं नाही. कारण सापडत नाही तोवर हा प्रोग्रॅम वापरण्यालायक नाही. मुंबईहून टेलेक्सवर लगेच उत्तर आलं, की बुधवारपासून जुना प्रोग्रॅम परत चढवा. आणि गेल्या आठवड्यातल्या नापास हेडांची तार कापून टाका. गिऱ्हाइकाचा नियमच तसा होता. एकदा नापास झालेलं हेड पुढे पास झालं तरी पाठवायचं नाही. ते आधी का नापास झालं, याचं कारण लेखी देता आलं तरच पाठवायचं. अशी, आधी नापास आणि मग पास झालेली, चारशे बारा हेडं ट्रेमध्ये पडून होती.

म्हणजे नानांना जे हवं होतं ते सगळं न मागता मिळालं होतं. जुना प्रोग्रॅम परत, सकाळचा अर्धा तास परत, पॉइंट ब्याण्णव परत. आणि नवीन प्रोग्रॅम वाईट, हे त्यांचं म्हणणं मुंबईनं लेखी कबूल केलेलं. रामआळीतल्या टपरीपासून आजवर त्यांची इतकी मोठी जीत कधी झाली नव्हती. त्या संध्याकाळी ते मिरजोळ्याहून घरापर्यंत चालत गेले, आणि घरी पोचल्यावर आपण एसटी का पकडली नाही, हे त्यांना सांगता आलं नाही.

मंगळवारी सकाळी तुळसा बारीक कात्री घेऊन ट्रेसमोर बसली. नापास हेडाची तार कापायची म्हणजे ते चुकूनही चांगल्यात मिसळत नाही. केसासारख्या तांब्याच्या तारा, कापताना आवाज जेमतेम होतो. पण नानांना तो खोलीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू येत होता. दमयंती आपले कागद गोळा करत होती. तिनं ते फाडले असते तर नानांना बरं वाटलं असतं. ती ते एकेक करून, कडा जुळवून ठेवत होती.

तुळसानं एक कापलं, दुसरं कापलं. या हेडांवर सगळ्या बायकांचे आठवडाभर डोळे गेलेत, असं ती स्वतःशीच बोलत होती. नाना मोजत होते. अकरावी तार तुटली तेव्हा ते तिच्यापाशी येऊन उभे होते, कसे आले ते त्यांनाही कळलं नव्हतं.

"थांब गो तुळसा," ते म्हणाले. "कापू नको."

तुळसानं कात्री खाली ठेवली. नाना दमयंतीकडे वळले. टोपी आणि फडकं यांच्यामध्ये त्यांचे नुसते डोळे दिसत होते, ते एका परीनं बरंच झालं.

"मॅडम, प्रोग्रॅम तुमचा बरोबर आहे. मी त्याला रोज पॉइंट ब्याण्णव घालत होतो."

दमयंतीला आधी कळलं नाही. मग कळलं. तिनं विचारलं, "किती दिवस?"

"नव्याला सहा दिवस," नाना म्हणाले. "जुन्याला चार वर्षं."

सुर्वे काचेपलीकडून बघत होते, त्यांना ऐकू काही आलं नव्हतं, पण सगळ्यांचे चेहरे बघून ते झगा न घालताच आत यायला निघाले आणि तुळसानं त्यांना हातानं थोपवलं.

नानांना वाटलं होतं, पोरगी ओरडेल. ती ओरडली असती तर त्यांनी चार वर्षांपूर्वीचा तो ट्रंक कॉल काढला असता, आपलीही एक बाजू मांडली असती. पण ती खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "मी तुम्हाला पहिल्याच दिवशी विचारलं होतं, काका. पाच दिवस मला वाटत होतं, मला माझं कामच येत नाही."

ते स्टॅबिलायझरपाशी गेले, मागे हात घातला आणि वही काढून तिच्यासमोर ठेवली. वहीवर धूळ नव्हती. त्या सबंध खोलीतली सर्वांत नीट ठेवलेली वस्तू तीच होती.

दमयंती तासभर वही वाचत बसली. मग उठली, कॉम्प्युटरनं सहा दिवस स्वतः काढलेली करेक्शनं छापून घेतली आणि नानांच्या भागाकाराशेजारी ठेवली. पाच दिवसांचे आकडे दशांशासकट तंतोतंत जुळले. एका दिवशी फरक होता. त्या दिवशी नानांनी हातचा धरायला विसरून भागाकार चुकवलाय, असं तिनं दाखवून दिलं. नानांनी ते अजून मान्य केलेलं नाही.

पण वहीत तिला आणखी एक गोष्ट सापडली, ती मुंबईत कोणालाच माहीत नव्हती. चार वर्षांत मास्टरचा आकडा कुठल्या महिन्यात किती चढतो, किती उतरतो, हे तिथे रोजच्या रोज लिहिलेलं होतं. यंत्र जास्त आकडा देतं असा आपला संशय पत्रात लिहिताना तिच्याजवळ एकही पुरावा नव्हता. इथे हजाराच्या वर पुरावे होते, शाईच्या पेनानं, तारखेसकट. तिनं विचारलं, हे तुम्ही कंपनीला कळवलं का नाही? तेव्हा नानांनी तो ट्रंक कॉल सांगितला. अगदी थोडक्यात सांगितला. चार वर्षं मनात घोळवताना तो प्रसंग बराच मोठा झालेला होता, प्रत्यक्षात सांगायला चार वाक्यंच पुरली.

"ते इंजिनिअर गेले नोकरी सोडून," दमयंती म्हणाली. "माझ्या टेबलावर फोन आहे."

दुपारी कारणाचं पत्र लिहिलं गेलं. हेडं का नापास झाली, याचं कारण: ऑपरेटरनं चुकीचं करेक्शन टाकलं. सुर्वे ते टाइप करत असताना नाना मागे उभे होते. 'ऑपरेटर' या शब्दावर ते खाकरले, पण बदल सुचवला नाही, आणि खाली सही केली. चारशे एक हेडं पुन्हा तपासून वाचली. अकरा गेली. सुर्व्यांनी नानांच्या फायलीत ताकीद लावली आणि ती लावताना, वही मात्र फार सुंदर ठेवलीत हो, असं म्हणाले.

संध्याकाळी नाना दमयंतीला घरी जेवायला घेऊन गेले. माफी मागायचं त्यांच्या मनात होतं, रस्त्यात दोनदा त्यांनी सुरुवातही केली, पण प्रत्येक वेळी ते वाक्य कुठल्यातरी बोटीच्या इंजिनावर जाऊन संपलं. घरी हौसाबाईंनी सुरमई तळली. नवरा कंपनीत इन-चार्ज आहे म्हणजे ही त्याच्या हाताखालची, असं धरून त्यांनी तिची चांगली विचारपूस केली, आणि आमचे हे कामात कडक आहेत, मनावर घेत जाऊ नको गो, असा धीरही दिला. दमयंतीनं गंभीरपणे मान हलवली. नाना पानाकडे बघून जेवत राहिले. हे काम कसलं, ते तिनंच मग हौसाबाईंना समजावून दिलं, ताटातलं भाताचं एक शीत बोटावर घेऊन. हौसाबाईंना चार वर्षांत पहिल्यांदाच कळलं, की नवरा सकाळी साडेसहाला घर सोडून काय करतो. त्या नानांकडे बघून म्हणाल्या, "एवढंसं सांगायला काय झालं होतं?"

दमयंती रात्रीच्या गाडीनं गेली. वही तिनं मागून नेली. नानांनी ती देताना पावती मागितली नाही, पण पहिल्या पानावर आपलं पूर्ण नाव नव्हतं ते लिहून दिलं.

जुलैमध्ये पुढची फ्लॉपी आली. या वेळी पाकिटावर 'श्री. शिवलकर' असं होतं आणि नानांनी पत्र एसटी पार्सलच्या खिडकीशीच उभं राहून, चारी पानं, वाचून काढलं. करेक्शनचा प्रश्न आता काढूनच टाकला होता. मास्टर लावायचं, बाकी सगळं प्रोग्रॅम बघणार. महिन्याप्रमाणे आकडा किती चढावा याची मर्यादाही त्यात होती, वहीवरून काढलेली. तिच्यापलीकडे आकडा गेला तर यंत्र थांबून मुंबईला फोन करा असं सांगणार होतं. शेवटी दमयंतीनं विनंती केली होती, की यंत्र कसं सुरू करायचं ते तुम्ही बायकांसाठी मराठीत लिहून द्यावं, इतर युनिटांनाही पाठवता येईल.

नानांनी पंधरा दिवस घेतले आणि अकरा पानं लिहिली. पहिली अडीच पानं यंत्राजवळ कसं उभं राहावं यावर होती. तुळसानं ती अकराही पानं वाचली, बसल्या बसल्या पेन्सिलीनं खुणा केल्या आणि दीड पानावर आणली. नानांनी दोन दिवस तिच्याशी बोलणं टाकलं. तिसऱ्या दिवशी दीड पानच मुंबईला गेलं.

यंत्र आता तुळसाच सुरू करते. सकाळी येते, मास्टर लावते, पाच मिनिटांत काम सुरू. नानांना साडेसातला यायचं काही कारण उरलं नाही. पहिले काही दिवस ते तरीही येत आणि काचेबाहेर उभे राहत. तुळसानं एकदा विचारलं, की नाना, काही हवंय का? त्यानंतर ते आठलाच यायला लागले.

मोकळा झालेला तो अर्धा तास कुठे घालवायचा, हा प्रश्न महिनाभर होता. मग त्यांची पावलं जुन्या सवयीनं मिरकरवाड्याकडे वळली. तिथे लाँचींचं कोणाचं ना कोणाचं इंजिन अडलेलं असतंच. नाना उकिडवे बसतात, कान लावतात, आणि न विचारता सांगतात, की डिझेलमध्ये पाणी आहे. बहुतेक वेळा असतं. नसलं तर लाँचवाले त्यांना तसं तोंडावर सांगतात, आणि नाना, बघू पुन्हा एकदा, असं म्हणून बाह्या सारतात. कंपनीत पोचतात तेव्हा बोटांना डिझेलचा वास असतो. तुळसा त्यांना साबणानं दोनदा हात धुतल्याशिवाय काचेच्या आत घेत नाही.